वाजश्रवसाच्या गाई

आमच्या वाईच्या घरांत आजमितीस लहानमोठीं मिळून अकरा माणसें आहेत. माळ्यावर वस्तु किती आहेत याची गणती मात्र कोणींच केलेली नाहीं. मोडका पाळणा, पितळी समया, तीन पिढ्यांचीं पंचांगें, एका आत्याच्या लग्नांतील परात, अशा त्या गर्दींत २०२० सालच्या उन्हाळ्यांत मला एक संगणक सांपडला. सांपडला म्हणणें तितकेंसें खरें नव्हे, कारण तो तेथें आहे हें सर्वांसच ठाऊक होतें. माझ्या पुतण्यानें तो २००६ सालीं, महाविद्यालयांत असतांना, घेतला होता. पुढें त्यास नोकरी लागली, घडीचा लॅपटॉप आला, आणि हा बिचारा एका विटक्या नऊवारींत गुंडाळला जाऊन माळ्यावर गेला. टाकून द्यावा असें कोणाच्या मनांत आलें नाहीं, कारण त्यास त्या काळीं बरेच पैसे पडले होते. वापरावा असेंही कोणाच्या मनांत आलें नाहीं. मोठ्या कुटुंबांत पुष्कळ वस्तूंची हीच गति होते. त्या घरांत असतात, पण कोणाच्याच नसतात.

त्या वर्षीं मार्चअखेर देशभर टाळेबंदी झाली. शाळांचे दरवाजे लागले आणि जूनमध्यें नवें वर्ष उजाडलें तें मोबाइलच्या वीतभर पडद्यावर. टाळेबंदी सैल झाल्यावर आमच्या स्वयंपाकाच्या बाई पुन्हा येऊं लागल्या, तेव्हां बोलतां बोलतां माझ्या पत्नीस कळलें कीं, त्यांच्या मुलीचे वर्ग रोज बुडतात. मुलगी त्या वर्षीं दहावींत. घरांत मोबाइल एकच, आणि तो बापाच्या खिशांत. तो कामावर गेला कीं वर्गही त्याच्याबरोबर गेला.

मी पडलों मास्तर. जुन्या अकरावीची मॅट्रिक होऊन, थोडेंबहुत संस्कृत पाठशाळेंत पदरीं पाडून घेऊन, छत्तीस वर्षें खडू झिजविला आणि २०१५ सालीं निवृत्त झालों. मुलीचा वर्ग बुडतो हें ऐकल्यावर मला स्वस्थ बसवेना. पुतण्यास हांक मारून तो संगणक खालीं उतरविला, ओल्या फडक्यानें पुसला आणि विजेस जोडून पाहिला. दहा मिनिटें घुरघुरून पडदा उजळला तेव्हां घरांतील पोरांनीं टाळ्या पिटल्या. पत्नीनें त्यास हळदकुंकू लाविलें, वर नारळ ठेविला, आणि आम्हीं तो बाईंच्या घरीं हातगाडीवरून पोंचता केला. नातवानें छायाचित्र घेतलें. तें आमच्या नातलगमंडळींत फिरलें आणि दिवेलागणीपर्यंत मजकडे अठरा अभिनंदनें जमा झालीं. लिहावयास संकोच वाटतो, पण त्या रात्रीं मला फार गाढ झोंप लागली.

या सबंध खटाटोपांत त्या मुलीस कोणीं एक शब्द विचारलेला नव्हता. तिची आई "बरं, गुरुजी" एवढेंच म्हणाली होती. ज्या घरच्या चुलीवर आपली चूल चालते, त्या घरच्या वडील माणसानें नारळासह दिलेली वस्तु तिनें नाकारावी तरी कशी?

दिवाळीनंतर फराळाचा डबा घेऊन मी त्यांच्याकडे गेलों. गंगापुरींत एका जुन्या घराच्या मागील अंगास त्यांची एकच खोली आहे. मुलगी बाहेरच्या पायरीवर, गुडघ्यांवर वही ठेवून गणित सोडवीत बसली होती. कार्तिकाचा गारवा पडूं लागलेला, आणि डोक्यावरचा दिवा मिणमिणता.

"अगं, आंत टेबल असतांना इथें कां बसलीस?" मीं विचारलें.

ती घुटमळली. आंतून तिची आई पदर सांवरीत बाहेर आली. "टेबलावर तुमचा कॉम्प्युटर आहे ना, गुरुजी. हलवायचं भ्या वाटतं. पडला-बिडला तर तुमची वस्तू."

मीं आंत डोकावून पाहिलें. खोलींत टेबल एकच, आणि त्या टेबलावर आमचा तो पेटाऱ्याएवढा पडदा, शेजारीं ती उभी पेटी. वर विणलेला रुमाल आणि रुमालावर गणपतीची लहानशी मूर्ति. दोन महिने झाले तो सुरूच केलेला नव्हता. त्यास कॅमेरा नव्हता. घरांत इंटरनेट नव्हतें. मोबाइलवरून तें जोडून घेण्यासाठीं लागणारी एक वस्तु त्यांनीं बाजारांतून चारशें रुपयांस आणली, तरी वर्ग सुरू झाला कीं शिक्षिकेचें तोंड उघडें तें उघडेंच राही आणि आवाज तुटून तुटून येई. म्हणजे माझ्या दानामुळें त्या मुलीला वर्ग तर मिळाला नाहींच. तिची अभ्यासाची जागा मात्र गेली, आणि वर चारशें रुपये गेले. सर्वांत मला लागला तो त्या माउलीचा शब्द, "तुमची वस्तू." नारळ ठेवून दिली तरी ती आमचीच राहिली होती.

घरीं येतांना कृष्णेच्या घाटावर घटकाभर बसलों. कठोपनिषदाचा आरंभ वाचकांपैकीं अनेकांस ठाऊक असेल. वाजश्रवस नांवाचा यजमान सर्वस्वदानाचा यज्ञ करतो, आणि दक्षिणेच्या वेळीं ज्या गाई हांकून आणतो त्या असतात म्हाताऱ्या, भाकड, ज्यांचें पाणी पिऊन झालें आणि दूध आटून गेलें अशा. हें पाहून त्याच्या लहानग्या मुलाच्या, नचिकेत्याच्या, मनांत श्रद्धा शिरते. असल्या गाई देणारास कोणती गति मिळेल या चिंतेनें तो बापास पुन्हा पुन्हा विचारतो कीं, मग मला कोणाला देणार? पुढें यमाचा संवाद येतो, आत्मविद्या येते, आणि आपण सर्वजण गाईंस विसरून जातों. मीं ही कथा वर्गांत निदान पन्नास वेळां सांगितली असेल, आणि प्रत्येक वेळीं स्वतःस मनांतल्या मनांत नचिकेत्याच्या शेजारीं उभें केलें असेल. बापाच्या शेजारींही एक जागा असते, व ती आपलीही असूं शकते, हें त्या सायंकाळीं प्रथम ध्यानांत आलें.

दुसऱ्या दिवशीं हातगाडी पुन्हा गेली आणि संगणक परत आणला. चारशें रुपये मीं पुढें केले ते बाईंनीं घेतले नाहींत. मुलीला माझ्या पत्नीनें आपला मोबाइल सकाळचे तीन तास देण्याचें ठरविलें, आणि तें तिनें वर्ष संपेपर्यंत न चुकतां पाळलें. त्या वर्षीं दहावीची लेखी परीक्षाच पुढें रद्द झाली व निकाल अंतर्गत मूल्यमापनावर लागला, हें वाचकांस आठवत असेल.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यास एका कंपनींत संगणकांची देखभाल करतो. टाळेबंदींत तो वाईसच राहून काम करीत होता. त्यास मीं आमचा तो परत आलेला गजराज दाखविला. त्यानें झांकण उघडलें, आंत पाहिलें आणि हंसून म्हणाला, "गुरुजी, हा आतां भंगारांतच द्यायचा. पण सगळेच जुने असे नसतात. आमच्या ऑफिसांतून पांच-सहा वर्षें झाले कीं लॅपटॉप काढून टाकतात. ते चांगले धडधाकट असतात." गाय म्हातारी आहे कीं नुसती उपाशी आहे, हें ओळखणें ही या धंद्यांतील पहिली विद्या, असें त्यावरून मला कळलें.

तेव्हांपासून आमच्या पडवींत दर शनिवारीं एक शाळा भरते. तींत तो गुरुजी आणि मी विद्यार्थी. जुना संगणक रेंगाळतो त्याचें कारण बहुधा त्याची बुद्धि मंदावलेली नसते. आंतील हार्ड डिस्क म्हणून जी गरगर फिरणारी तबकडी असते, तिच्यावरून माहिती वेंचून आणण्यांतच त्याचा वेळ जातो. ती काढून तेथें फिरता भाग नसलेली एसएसडी बसविली कीं दहा मिनिटांनीं उठणारें यंत्र अर्ध्या मिनिटांत उठून बसतें. कोणाची रॅम अपुरी असते, तेथें आणखी एक पट्टी बसवावी लागते. कांहीं यंत्रें मुळींच सुरू होत नाहींत, आणि दोष निघतो तो एवढाच कीं, त्या रॅमच्या पट्टीच्या सोनेरी दांतांवर मळ चढलेला. तो कशानें काढावा? शिसपेन्सिलीच्या खोडरबरानें! छत्तीस वर्षें मीं मुलांच्या चुका खोडण्यास जें वापरलें, त्यानेंच मेलेलें यंत्र जिवंत होतांना पाहून मला जो आनंद झाला तो मास्तरावांचून कोणास समजावयाचा नाहीं.

आणखी एक गंमत. संगणकाच्या पोटांत सदऱ्याच्या मोठ्या गुंडीएवढा एक सेल असतो, त्यावर त्याचें घड्याळ चालतें. तो संपला कीं यंत्र दर वेळीं भलत्याच जुन्या सालीं जागें होतें. मग इंटरनेटवरील संकेतस्थळें त्यास दारांत उभें करीत नाहींत, कारण त्यांच्या खरेपणाची जी सनद असते ती त्याच्या घड्याळाप्रमाणें अजून लागूच झालेली नसते. युगानुयुगें झोंपून उठलेल्या मुचुकुंदाची अवस्था अशीच झाली असली पाहिजे. चाळीस-पन्नास रुपयांच्या सेलानें मुचुकुंद एकविसाव्या शतकांत येतो. फुगलेल्या बॅटरीची मात्र गंमत नव्हे. ती दाबूं नये, टोंचूं नये, पुन्हा चार्ज करूं नये. ती पेट घेते. आम्ही ती निराळी काढून अधिकृत पुनर्चक्रण करणाराकडे पाठवितों.

हें काम वाढूं लागलें तसा पुण्याच्या एका कचेरीनें आणि वाई-साताऱ्याच्या कांहीं कुटुंबांनीं आपलीं जुनीं यंत्रें धाडलीं. देणाऱ्यांच्या मनाचा मला आतां थोडाफार अभ्यास झाला आहे. कोणी चार्जरशिवाय लॅपटॉप पाठवितात, कोणी फुटक्या पडद्याचा पाठवून "गरिबाला चालेल" असा निरोप धाडतात. गरिबाला फुटका पडदा चालतो हें त्यांस कोणीं सांगितलें तें मला अजून कळलेलें नाहीं. मी त्यांस रागें भरत नाहीं. आमच्या नऊवारींतल्या गजराजाची आठवण माझें तोंड बंद करते.

पण एक प्रसंग सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. येथल्याच एका कुटुंबांतील दोघां भावांनीं आपल्या दिवंगत वडिलांचा संगणक आणून दिला व "सगळं पुसून टाका" म्हणून सांगितलें. पुसणें हेंही एक शास्त्र आहे. फाइल काढून टाकली म्हणजे ती जात नाहीं. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेंतून प्रकरणाचें नांव खोडावें आणि पानें तशींच ठेवावीं, तसें तें असतें. खरेंखुरें पुसावयाचें तर सबंध डिस्कवर नव्यानें लिहावें लागतें, आणि तसें केल्यावर ब्रह्मदेवासही जुनें वाचतां येत नाहीं. म्हणून पुसण्यापूर्वीं एकदां उघडून, मालकासमक्ष विचारावें असा आमचा परिपाठ आहे. आम्हीं त्यांस बोलावून घेतलें. एका कप्प्यांत "कुळ" या नांवाची एक फाइल होती. माझ्या विद्यार्थ्यानें ती आपल्या नव्या यंत्रावर घेऊन उघडली, तर रोमन अक्षरें, कंस, टिंबें यांचा निरर्थक काला. थोरला भाऊ म्हणाला, "खराब झाली असेल, जाऊं द्या." परंतु तीच फाइल वडिलांच्या यंत्रावर उघडली आणि पडद्यावर स्वच्छ देवनागरी उमटली!

झालें होतें असें: युनिकोड रूढ होण्यापूर्वीं मराठी लिहिण्यासाठीं जे टंक असत, त्यांत रोमन अक्षराच्याच जागीं मराठी अक्षराचें चित्र बसविलेलें असे. 'शिवाजी' हा त्या जातीचा एक सर्वत्र फैलावलेला टंक. तो टंक ज्या यंत्रावर नाहीं, तेथें तो मजकूर मुका. वडिलांनीं त्या घराण्याचा कुलवृत्तांत सत्तेचाळीस पानें लिहून ठेविला होता. कोणत्या गांवाहून कोण आले, कोणती शाखा कोठें गेली, कोणत्या सुनेनें दुष्काळांत स्वतःच्या पाटल्या मोडून घर कसें चालविलें. घरांत सर्वांची समजूत अशी कीं, अण्णांनीं तो लिहावयाचा म्हणून म्हटलें, पण लिहिला नाहीं. धाकटा भाऊ त्या पडद्यापुढें उभ्यानेंच वाचीत राहिला. मजकूर छापून त्यांच्या हातीं दिला, आणि मगच डिस्क पुसली.

गरज किती आहे हें आंकड्यांवरूनही कळतें. २०१७-१८ सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणींत आपल्या देशांतील ग्रामीण घरांपैकीं शेंकडा ४·४ आणि शहरी घरांपैकीं शेंकडा २३·४ घरांतच संगणक असल्याचें आढळलें. दुसऱ्या बाजूस, संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ सालच्या अहवालाप्रमाणें एकट्या २०२२ सालीं जगांत ६ कोटी २० लक्ष टन विजेच्या उपकरणांचा कचरा झाला, आणि त्याचा चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन मार्गी लागल्याची नोंद नाहीं. उरलेल्याचें काय होतें तें दिल्लीच्या सीलमपुरांत आणि मोरादाबादेस पाहावें. तेथें तांब्यासाठीं तारा जाळतात आणि पट्ट्या आम्लांत बुडवितात, आणि तो धूर गरिबाचींच मुलें घेतात. आतां १४ ऑक्टोबर २०२५ पासून 'विंडोज १०' या प्रणालीचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्टनें थांबविला. 'विंडोज ११' घेण्यास जीं लक्षणें लागतात तीं नसलेलीं, एरव्हीं उत्तम चालणारीं यंत्रें कचेऱ्यांतून ढिगांनीं बाहेर पडूं लागलीं आहेत. अशा यंत्रांवर आम्ही लिनक्स घालतों. ती प्रणाली मूळ लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिली, आणि जगभरच्या लोकांनीं ती फुकट वाढविली. विद्या दिल्यानें वाढते असें आपण म्हणतों. त्याचें इतकें रोकडें उदाहरण मला दुसरें ठाऊक नाहीं.

या लिनक्सच्या अभिमानापायींच माझी दुसरी फजिती झाली. २०२३ सालीं बाईंची तीच मुलगी बारावी वाणिज्य उत्तीर्ण होऊन महाविद्यालयांत गेली. मीं तिच्यासाठीं एक लॅपटॉप सिद्ध केला: नवी एसएसडी, नवा सेल, मराठी कळफलकाची सोय, सर्व कांहीं. परंतु या खेपेस माझी धाकटी सून आडवी आली. ती बँकेंत नोकरीस असून घरांतील हिशेबाचें डोकें तिचेंच आहे. "बाबा, आधीं तिला विचारलंत का?" तिनें एक दोनशें पानी वही आणली आणि तींत प्रश्न लिहून काढले. घरांत विजेचा खटका कोठें आहे? ठेवावयास जागा किती? आणखी कोण वापरील? इंटरनेट आहे का? आणि सर्वांत पहिला: काम काय करावयाचें आहे? वडील बंधूंना हें कांहीं पटलें नाहीं. त्यांचें म्हणणें, घेणाराकडून पांचशें रुपये तरी घ्यावे, म्हणजे वस्तूची किंमत राहते; चौकशा कसल्या करतां? त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं, पण ज्याच्याजवळ पांचशें आहेत त्याची निकड आणि ज्याच्याजवळ नाहींत त्याची निकड एका मापानें मोजतां येत नाहीं. या विषयावर आमच्या ओटीवर अजूनही वाद होतो.

मुलीला बोलावून विचारलें. तिनें लॅपटॉप उलटासुलटा पाहिला, कळा दाबल्या आणि मान खालीं घालून विचारलें, "गुरुजी, यात टॅली चालतं का?"

टॅली म्हणजे हिशेब ठेवण्याचें साधन. वाणिज्याच्या विद्यार्थ्यास नोकरीसाठीं तें यावें लागतें. तें विंडोजवर चालणारें आहे. माझ्या सजविलेल्या लिनक्सवर तें सरळपणें चालावयाचें नाहीं. तीन वर्षांपूर्वीं याच मुलीनें "बरं, गुरुजी" म्हणून निमूटपणें तें यंत्र नेलें असतें आणि त्यावर रुमाल घातला असता. ती "नको" म्हणूं शकली, यांत मला तिच्या आईच्या चारशें रुपयांची परतफेड झाल्यासारखें वाटलें. पुढें तीन आठवड्यांनीं, मूळ विंडोजच्या परवान्यासकट एक लॅपटॉप हातीं आला तो तिला दिला. त्यावर तिनें टॅलीची विद्यार्थ्यांसाठीं असलेली विनामूल्य रीत घातली. त्या रीतींत महिन्याच्या कांहीं ठराविक तारखांच्याच नोंदी करतां येतात. त्यामुळें तिच्या सरावाच्या दुकानांत सगळा व्यापार त्याच दोन-तीन दिवसांत होई, आणि एरव्हीं तें बंद असे.

शाळांची कथा निराळीच. धोम धरणाच्या वरच्या अंगास, डोंगरांतल्या एका गांवच्या शाळेस आम्हीं २०२२ सालीं सहा संगणक दिले. तेथें इंटरनेट नाहीं म्हणून मराठी विकिपीडिया सबंधच्या सबंध उतरवून त्यांत भरून ठेविला. किविक्स नांवाच्या साधनानें तो इंटरनेटावांचून वाचतां येतो. पहिल्याच दिवशीं एक पोरगा पेटीस हात लावून मागें सरला आणि म्हणाला, "गुरुजी, पेटी चावते!" शाळेच्या विजेस अर्थिंगच नव्हतें. मग खड्डा खणून, पत्रा पुरून, कोळसा व मीठ घालून तें केलें तेव्हां पेटी चावावयाची थांबली. दिवाळीनंतर जाऊन पाहतों तों सहाही संगणक कपाटांत कुलूपबंद. मुख्याध्यापक सज्जन गृहस्थ; ते म्हणाले, "डेडस्टॉकच्या रजिस्टरला नोंद झाली ना, गुरुजी. एखादा मोडला तर उत्तर मला द्यावं लागेल." मेलेल्या मालाच्या वहींत नांव लागल्यावर जिवंत यंत्रही मेलें! मी स्वतः मास्तरकी केलेली, त्यांचें भय मला परकें नव्हतें. मोडल्यास दुरुस्तीची वा बदलीची जबाबदारी आमची, असें लेखी पत्र त्यांस दिलें, सातवा संगणक जादा म्हणून ठेविला, आणि दर दोन महिन्यांनीं कोणी ना कोणी जातेंच असा नेम केला. कुलूप निघालें. पावसाळ्यांत दोन यंत्रांस बुरशी धरली ती आम्हीं आणून साफ केली. बाकीचीं चालतात.

गेल्या मार्गशीर्षांत एका रविवारीं सकाळीं बाईंची मुलगी खांद्याला पिशवी लावून आली. ती आतां साताऱ्यास एका कर-सल्लागाराकडे शिकतां शिकतां काम करते, आणि कचेरींतून तिला नवें यंत्र मिळालें आहे. पिशवींतून तिनें तोच लॅपटॉप काढला. चार्जरची तार नीट गुंडाळून रबरानें बांधलेली. कळफलकावरील दोन-तीन अक्षरें बोटांनीं पार झिजून गेलेलीं.

"माझं सगळं काढून घेतलंय, गुरुजी. तरी तुम्ही एकदा नीट पुसा. यावर नवीन विंडोज येणार नाही, मी बघितलं. लिनक्स टाका." मग जरा थांबून तिनें विचारलें, "आता हा कोणाला देणार?"

मीं सुनेची वही उघडली. अकरा नांवें लिहिलेलीं होतीं. वरचें नांव सोनगीरवाडीच्या एका मुलाचें. बाप नाहीं, आई शिवण करते, मुलगा अकरावी विज्ञानास आहे.

"त्याचं घर बघून आलात?"

"अजून नाहीं. गुडघा दुखतो आहे."

तिनें वही माझ्या हातांतून घेतली, पत्ता आपल्या मोबाइलमध्यें उतरवून घेतला आणि माजघराच्या दारांतून माझ्या सुनेस हांक मारली, "ताई, मोजपट्टी आहे का? टेबलाची जागा मोजून येते."